छातीच्या सीटी स्कॅनसाठी सर्वात चांगली सेटिंग कोणती?

सगळ्यांना चालेल अशी सेटिंग नसते. केव्ही (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज) आणि एमए (तिचा करंट) यांचं सांगतो, पण आधी दमाचं, म्हणजे श्वास रोखण्याचं, ऐका.

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी सीटी चालवायचो. रिपोर्टिंगवाले सर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, नागपुरात. कापूस वेचणीच्या दिवसांत सत्तरीचे एक कास्तकार आले. खोकला, धाप, म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा पातळ स्लाइसचा सीटी. मशीनमधली बाई हिंदीत ‘साँस रोकिए’ म्हणाली, ते बाबाजींना समजलं नाही. म्हणून मी माइकवर म्हटलं, "बाबाजी, दम धरा." त्यांनी खरंच धीर धरला, श्वास मात्र चालूच! फुप्फुसाच्या खालच्या भागात सगळं दुहेरी आलं.

सरांचा फोन. "इमेज घाण आहे, एमए वाढव." मी म्हटलं, सर, हा दाणेदारपणा नाही, हालचाल आहे. एमए दुप्पट केला तर रेडिएशनचा डोस दुप्पट होईल, चित्र हललेलंच राहील. "मला शिकवू नको."

आत जाऊन तीनदा सराव घेतला. "पोतं उचलाच्या आधी छातीत हवा भरता ना, तशी भरा. मी म्हणत नाई तवर सोडू नोका." रोटेशन (ट्यूबची एक फेरी) अर्ध्या सेकंदावर आणलं, पिच (एका फेरीत टेबल किती सरकतं ते) वाढवला, खालचा भागच पुन्हा घेतला. स्वच्छ. तो जास्तीचा डोस माझ्या चुकीमुळे, सराव आधीच घ्यायला हवा होता.

आता सेटिंग. साधारण बांध्याला 120 केव्ही, हडकुळ्यांना 100. आमच्याकडे हडकुळेच जास्त. एमए ऑटोवर ठेवा, मशीन बांधा बघून ठरवतं. पण पेशंट गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मधोमध नसेल तर ऑटोही फसतो. हात डोक्यावर, नाहीतर खांद्यापासून खाली पट्टे येतात आणि ऑटो एमए चढवतो. स्लाइस 1 ते 1.25 मिमी, शार्प कर्नल (कडा ठळक करणारा फिल्टर). बघताना फुप्फुसाची विंडो (राखाडी छटांची रुंदी) 1500, लेव्हल (तिचा मध्य) उणे 600. सगळ्यांना एकच ठोक 120 आणि चढा एमए लावणारे सेंटर मला आळशी वाटतात, मग बोर्डावर कितीही स्लाइसचं मशीन लिहा.

हे बिनकॉन्ट्रास्टच्या, म्हणजे शिरेतून औषध न देता केलेल्या, एचआरसीटीचं झालं. फुप्फुसाच्या धमनीतली रक्ताची गाठ शोधायची तर टायमिंगचा खेळ वेगळा, लहान मुलांचं तर पूर्णच वेगळं. प्रोटोकॉल शेवटी तुमच्या रेडिओलॉजिस्टकडूनच ठरवून घ्या.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर: दुसऱ्या फेरीनंतर "बघ, एमए वाढवल्यावर कसं आलं" म्हणालात, तेव्हा मी गप्प बसलो. एमए तोच होता.