वाटीभर बेदाणे म्हणजे किती ग्रॅम?

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या वहीत डिंकाच्या लाडवांचं प्रमाण असं आहे : किसलेलं खोबरं ४ वाट्या, खारीक पूड २ वाट्या, बदाम १ वाटी, बेदाणे १ वाटी, डिंक अर्धी वाटी. वाण्याकडे सगळं ग्रॅमवर मिळतं. किती आणू? त्यांची पितळी वाटी अजून घरात आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाटी आहे म्हणताय, मग निम्मं काम झालं. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर.

माझी वाटी १५० मिलीची. तिच्यात सपाट भरले तर बेदाणे ९० ग्रॅम बसतात, दाबून भरले तर शंभराच्या वर जातात. तासगावचे नव्या हंगामातले बेदाणे मऊ आणि चिकट असतात, हाताने नकळत दाबले जातातच. अख्खे बदाम ८५ ते ९०. खारकेची पूड साधारण ८०. अक्रोड घालणार असाल तर ६०च, कारण त्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या मधे हवाच जास्त. आणि खोबऱ्याचा कीस जेमतेम ५०! खोबऱ्याच्या बाबतीत भलेभले फसतात. चार वाट्या म्हटल्यावर लोक अर्धा किलो आणतात, लागतं २०० ग्रॅम. तुमची वाटी १८० मिलीची निघाली तर हे सगळे आकडे सव्वापटीच्या किंचित आत धरा.

खारीक अख्खी आणणार असाल तर बिया धरून आणा. दोन वाट्या पुडीला १६० ग्रॅम लागते, त्यासाठी २०० ग्रॅम खारीक घ्या. थोडी मिक्सरच्या भांड्यालाही चिकटतेच.

माझी भाची कॅनडात असते. तिने माझ्याच वहीवरून लाडू केले. वाटीऐवजी तिथला मेजरिंग कप घेतला, म्हणजे २५० मिली. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. सगळं एकाच भांड्याने मोजलं की भांडं केवढं का असेना, लाडू वळतात. फक्त संख्या वाढते. पण गूळ तिने मी फोनवर सांगितलेल्या ग्रॅमने घेतला, तो माझ्या वाटीचा! खोबरं-खारीक कपाने, गूळ काट्याने. लाडू वळेचनात, शेवटी बाईंनी ते भुगा म्हणून दुधात घालून खाल्ले. तेव्हा एक तर सगळं वाटीने, नाही तर सगळं वजनाने. गूळसुद्धा.

बदामांचं एक विचारून घ्या. काप करून मोजायचे की अख्खे? वहीत ‘बदामाचे काप १ वाटी’ असतं तर वजन कमी झालं असतं. नुसतं ‘बदाम’ लिहिलंय, म्हणून मी अख्खे धरले.

डिंकाचा घोळ याहून मोठा. कच्चा डिंक तुपात तळला की कितीतरी पट फुलतो. अर्धी वाटी कच्चा आणि अर्धी वाटी फुललेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक. मी तरी कच्चाच धरेन, कारण चार वाट्या खोबऱ्याला फुललेला अर्धी वाटी म्हणजे नावापुरताच. तरी सासूबाई लाडू करायच्या तेव्हा कढईपाशी कोण असायचं, नणंद की जाऊ, त्यांना एक फोन करा आणि मगच वाण्याकडे जा.