तुझे काम तुझ्या नावाने

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

ज्या तीन स्टार्टअपच्या संस्थापकांचा सहायक म्हणून तू घरबसल्या काम करतोस, त्या तिन्हींकडून मिळून किती मोबदला मागावा आणि पुण्याच्या संस्थापकाने देऊ केलेली पूर्णवेळ नोकरी घ्यावी की नाही, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. पण माझे मन अडकले ते पत्राच्या मध्यावर तू ओझरते लिहिलेल्या एका वाक्यावर. पुण्याची आणि सिंगापूरची बैठक सकाळी नऊला एकदमच आली, तेव्हा सिंगापूरच्या संस्थापकाला तू वीज गेली होती असे कळवलेस. वीज गेली नव्हती. तू भुसावळला बसून काम करतोस, हेही त्याला अजून ठाऊक नाही.

तुला वाटते की गोंधळ वेळापत्रकाचा आहे. तसे नाही. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे, तिथले साडेअकरा म्हणजे आपले नऊ, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होते. अशा वेळा पुढेही एकमेकींवर येतील, कारण सगळ्याच कंपन्यांची घाई एकाच सुमारास असते: टीडीएस ७ तारखेपर्यंत, जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० पर्यंत, तिमाही संपली की गुंतवणूकदारांचे अहवाल, आणि संचालक मंडळाची बैठक असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे किमान ७ दिवस आधी सूचना. एकाचे काम दुसऱ्याच्या रिकाम्या वेळेत बसवू, ही समजूत पहिल्याच मार्चअखेरीस मोडते. खरा गोंधळ असा की तिघांपैकी एकालाही उरलेल्या दोघांविषयी माहिती नाही. तू काम करतोस, पण स्वतःच्या नावाने करत नाहीस.

माझे वडील जळगावच्या दाणाबाजारात अनेक दुकानांच्या वह्या लिहीत. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या, दिवे लागल्यावर तिसऱ्या. हे पलीकडच्या दुकानातही बसतात, हे प्रत्येक शेठला ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच पलीकडचा भाव त्यांना कोणी विचारत नसे. तुलाही हे लागू आहे. एकाच आठवड्यात तुझे दोन संस्थापक एकाच गुंतवणूकदाराला भेटायला जातील आणि दोन्ही भेटी तूच ठरवलेल्या असतील. तेव्हा तोंड मिटून राहणे त्यालाच जमते, ज्याने आपण अनेकांचे काम करतो हे आधीच उघड सांगितलेले असते. तिघांना एकमेकांचे अस्तित्व कळू दे, कारभार कळू देऊ नकोस. प्रत्येक कंपनीसाठी ब्राउझरचे प्रोफाइल वेगळे ठेव, वही वेगळी ठेव, आणि कॅलेंडरवर इतरांना तू त्या वेळी व्यग्र आहेस एवढेच दिसू दे.

आता पासवर्डविषयी. तू तिन्ही संस्थापकांच्या मेलमध्ये त्यांच्याच पासवर्डने शिरतोस आणि त्यांचे ओटीपी फोनवरून मागून घेतोस, हे वाचून मला राग आला. जीमेलमध्ये दुसऱ्याला प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. त्यात तू मेल वाचतोस, पाठवतोस, पण पासवर्ड तुझ्या हाती येत नाही. ती वापर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी (66C) प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुला परवानगी आहे, हे मला कळते. पण संस्थापकांचे आपसात बिनसले की ती परवानगी होती हे दाखवण्याची वेळ तुझ्यावर येईल, आणि तुझ्याकडे कागद नसेल.

मुंबईची नोकरी सोडून जळगावला परतल्यावर मीही हेच काम करू लागले. एका संस्थापकाने त्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू, आणि तिचा पिन माझ्या कपाटात ठेवायला सांगितले, म्हणजे प्रवासात असताना त्याच्या वतीने मी सही करावी. मी नाही म्हणाले. महिना संपताच काम गेले. ती कंपनी पुढे मोठी झाली, माझ्या जागी आलेल्या बाईंना समभागही मिळाले, आणि त्या वर्षांत आईच्या औषधांचा खर्च मला जड जात होता. त्या पैशांची खंत मला आजही आहे. मला ताठर म्हणणारे माझ्याच घरात होते. तरी सांगते, त्यानंतर माझ्याकडे आलेला प्रत्येक संस्थापक आधीच्या कुणाच्या तरी शब्दावर आला. मला स्वतःची जाहिरात करावी लागली नाही. मी केले ते बरोबरच होते, आणि आज पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

गावाचे नाव कशासाठी लपवतोस? १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यात जी कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. खानदेशाचा पत्ता दिल्याने काम जाते, असे मी तरी पाहिले नाही.

करार प्रत्येकाशी वेगळा आणि लेखी कर. आठवड्याचे तास, उत्तर देण्याच्या वेळा, घाईच्या दिवसांत कोणाला कोणते तास राखीव, आणि इतरांसाठीही तू काम करतोस हे वाक्य, एवढे त्यात हवेच. करार संपल्यावरही दुसरीकडे काम करू नये, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची अट मात्र टिकू शकते, म्हणून सही करण्याआधी ती ओळ नीट वाच. मोबदल्याचा आकडा त्यानंतर बोलू. पुण्याच्या नोकरीचेही तसेच. आज तू ती घेतलीस तर तिघांपासून सुटका म्हणून घेशील, आणि ते कारण मला पटत नाही.

आधी सिंगापूरला पत्र लिही. वीज गेली नव्हती, त्या वेळी मी दुसऱ्या कंपनीच्या बैठकीत होतो, मी भुसावळहून काम करतो, माझ्याकडे आणखी दोन कंपन्या आहेत, हे सगळे त्यात येऊ दे. कदाचित ते काम जाईल. मसुदा मला तपासायला पाठवू नकोस. मी त्यात चार शब्द बदलीन आणि ते पत्र तुझे राहणार नाही. पाठवून झाले की कळव.

तुझी,
ताई