मेक्सिकोत पर्यायी कर्करोग-उपचार घेताना दिवस कसा जातो?

तुमच्या मामींना सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाचा कर्करोग असून शस्त्रक्रिया न करता मेक्सिकोतील तिहुआना येथे जाऊन गर्सन पद्धतीचा उपचार घ्यावा असे त्यांच्या मनात आहे, आणि सोबत तुम्ही जाणार असल्यामुळे तिथला रोजचा दिवस कसा असतो हे तुम्ही विचारले आहे. माझ्या थोरल्या बहिणीला स्वादुपिंडाचा कर्करोग होता. केमोथेरपीचा उपयोग होईनासा झाल्यावर तिने हाच मार्ग धरला आणि मी सीमेच्या अलीकडे, सॅन दिएगोत राहत असल्याने सोबतीला मी गेलो. तेव्हा आधी दिनक्रम सांगतो, आणि तुम्ही न विचारलेलेही थोडे सांगतो, कारण तुमच्या मामींची आणि ताईची स्थिती एकसारखी नाही.

तिथे डॉक्टरांपेक्षा घड्याळाचा हुकूम चालतो. मॅक्स गर्सन या जर्मन वैद्याने (१८८१–१९५९) आखलेल्या पूर्ण पथ्यानुसार रुग्णाने दिवसाला तेरा पेले ताजा रस प्यायचा असतो, म्हणजे साधारण दर तासाला एक आणि एकूण तीन लिटरांहून अधिक. त्यात गाजर-सफरचंदाचा, हिरव्या पालेभाज्यांचा आणि संत्र्याचा असे प्रकार असतात. भाजी आधी दळून तिचा चोथा कापडात गुंडाळायचा आणि दाबयंत्राखाली पिळून काढायचा अशी ती पद्धत असून काढलेला रस लगेच पोटात जावा असा आग्रह असतो. त्यासोबत पोटॅशियमचे क्षार, आयोडीन, थायरॉइडच्या गोळ्या आणि पाचक विकरे असतात. शिवाय दिवसातून चार-पाच वेळा कॉफीचा एनिमा. स्नानगृहात चटई अंथरून, गुडघे पोटाशी घेऊन उजव्या कुशीवर निजायचे आणि बारा ते पंधरा मिनिटे कोमट कॉफी आत धरून ठेवायची. पहिले काही दिवस ताईला याची फार लाज वाटे. पुढे ती त्या वेळात मोबाइलवर नाट्यगीते लावून ठेवू लागली, आणि नळी, बादली, गाळणे धुऊन ठेवण्याचे काम कोणताही संकोच न ठेवता माझ्याकडे आले.

जेवणाचे म्हणाल तर मीठ पूर्ण बंद. तेलात फक्त जवसाचे, तेही न तापवता, म्हणजे फोडणी गेलीच. डाळी-कडधान्येही वर्ज्य असल्यामुळे मराठी माणसाच्या ताटातले वरणही जाते. राहतात ते उकडलेले किंवा भाजलेले बटाटे, ओटची लापशी, फळे, कच्च्या भाज्या आणि दोन्ही वेळा तेच सूप, ज्यात कांदा, लसूण, टोमॅटो, बटाटा व सेलरी मंद आचेवर शिजवून गाळलेले असतात. लिंबू पिळून ताई ते कसेबसे गिळत असे. गाजराच्या रसाने थोड्याच दिवसांत तिचे तळहात हळदीत हात घातल्यासारखे पिवळे झाले. ही कावीळ नव्हे, हे डोळ्यांचा पांढरा भाग पाहून ओळखता येते. पण स्वादुपिंडाच्या रुग्णाला खरी कावीळही होत असल्यामुळे मी रोज सकाळी खिडकीशी नेऊन तिचे डोळे पाहत असे.

बाहेर फिरायला वेळ जवळजवळ मिळत नाही. दोन पेल्यांच्या मध्ये आम्ही कधीतरी प्लायास दे तिहुआनाच्या किनाऱ्यावर जात असू, जिथे सरहद्दीचे कुंपण थेट समुद्रात उतरलेले दिसते. इतर रुग्ण बहुतेक अमेरिकी आणि कॅनडाचे होते. भोजनगृहात ते एकमेकांना बरे झालेल्यांच्या गोष्टी सांगत. त्या सांगणारे अर्थातच जिवंत असतात, हे मला तिथे बसल्या बसल्या जाणवले. मात्र या सगळ्या धावपळीने ताईला एक गोष्ट दिली, तिला आपण काहीतरी करत आहोत असे वाटत राहिले. या उपचाराची ओढ मुख्यतः त्यातच आहे असे माझे मत झाले आहे, आणि त्याची किंमतही त्यातच आहे, कारण तासातासाला बांधलेल्या दिवसात निवांत बोलायलासुद्धा जागा उरत नाही.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे तिथे ताप, मळमळ, अशक्तपणा यांना ‘बरे होण्याची प्रतिक्रिया’ म्हणतात. ताईला उलट्या सुरू झाल्या तेव्हाही आम्हाला तेच सांगण्यात आले. मी तिला सीमेच्या अलीकडे, सॅन दिएगोत आणून रक्त तपासून घेतले तर पोटॅशियम आणि सोडियम दोन्ही बिघडलेले निघाले. कॉफीच्या एनिमाशी निगडित दोन मृत्यूंची नोंद वैद्यकीय साहित्यात १९८० सालीच झालेली आहे.

दवाखान्यातला मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असला तरी उपचार तिथे संपत नाही, पुढे सुमारे दोन वर्षे घरी चालवायचा असतो. तिथे स्वयंपाकघरातली माणसे करतात ते सगळे मग सोबत्यावर येते, आणि नोकरी सांभाळून ते जमत नाही. ताईने घरी आल्यावर काही आठवड्यांतच तो सोडला, मीठ घातलेला मऊ भात मागून खाल्ला आणि पुढचे महिने वेदनाशामक उपचारांवर काढून ती गेली.

उपयोगाबद्दल विचाराल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९४७ साली गर्सन यांचे दहा आणि १९५९ साली पन्नास रुग्ण तपासले व दोन्ही वेळा लाभाचा पुरावा आढळला नाही. पाचक विकरे, पथ्य आणि कॉफीचा एनिमा यांवर आधारलेल्या अशाच एका पद्धतीची स्वादुपिंडाच्या रुग्णांमध्ये केमोथेरपीशी तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. रुग्णांनी उपचार स्वतः निवडले असल्याने ही तुलना काटेकोर म्हणता येत नाही, तरी केमो घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान चौदा महिने आणि दुसऱ्या गटाचे ४.३ महिने भरले. ताईपुढे तसेही पर्याय थोडेच होते. मामींचे तसे नाही. येल विद्यापीठातील संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात, कर्करोग शरीरात पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचार घेतलेल्यांची पाहणी आहे. त्यात स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक दिसला. म्हणून माझे स्पष्ट मत असे की त्यांनी शस्त्रक्रिया लांबवू नये, आणि भीती शस्त्रक्रियेची असेल तर टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यावे. स्तन राखून गाठ काढता येईल का, हा प्रश्न तिथे आवर्जून विचारा.

इतके करूनही त्या जाणारच असतील तर मूत्रपिंड, हृदय आणि रक्तदाब यांच्या तपासण्या निघण्यापूर्वी करा व पोटॅशियम आणि थायरॉइडच्या गोळ्या सुरू होणार आहेत हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच सांगा. रक्तातील क्षारांची तपासणी दर आठवड्याला दवाखान्याबाहेरच्या प्रयोगशाळेत करून घ्या. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना हे पाहा, नाहीतर अडचणीच्या वेळी सॅन दिएगोच्या रुग्णालयात परत येणे कठीण होऊ शकते.