फॉर्मातला तो रकाना

पोलीस भरतीची निवड यादी लागली की महिन्याभरात माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मागं एक केस झाली होती. मिटली. आता फॉर्मात लिहायची का?" प्रश्न खरं तर वकिलाचा. पण वकिलाकडे जायची लाज वाटते, शिवाय 'मिटलेलं कशाला उकरायचं' असंही असतं. मग तो झोप उडाल्याची तक्रार होऊन माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतो. या पोराचंही तसंच झालं. ओळख लागू नये म्हणून गाव सांगत नाही, काही तपशील बदलले आहेत.

आई घेऊन आली होती. "ताई, यादीत नाव आलं, गावात पेढे वाटले, अन् तवापासून पोरगं झोपंना. भाकर अर्धी टाकून उठतंय." पोरगा चोवीस वर्षांचा. पायात चपला, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली. वर्षानुवर्षं पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांची पडतात तशी. बोलला तो सगळा आकड्यांत. सोळाशे मीटर ५ मिनिटं ८ सेकंद, २० पैकी २०. शंभर मीटरला तीन मार्क गेले. ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा साडेआठ मीटरच्या पुढं, १५ पैकी १५. ग्राउंड ४७, लेखी ८६. मेडिकलही झालं.

मला वाटलं, तीन वर्षं ज्याच्यामागे धावला ते हाती आल्यावर येणारं रितेपण असेल. भरतीच्या पोरांत ते मी पाहिलं आहे. श्वासाचा व्यायाम सांगितला, रात्री मोबाइल लांब ठेवायला सांगितला आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली. साफ चुकले. एवढे आकडे सांगणारा माणूस कुठला तरी एक आकडा सांगायचं टाळतोय, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी तो एकटाच आला. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर आणि कोरा साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी उमेदवारानं स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. कोरा म्हणजे अगदीच कोरा नव्हता. नाव, पत्ता, शिक्षण, मागच्या वर्षांतले राहण्याचे पत्ते, सगळं सुबक अक्षरात भरलेलं. एका रकान्यापाशी पेन थांबलं होतं. तिथं कागदाला बारीकसा खळगा पडला होता, पेनाचं टोक टेकवून टेकवून. आपल्याला कधी अटक झाली आहे का, आपल्यावर कधी खटला भरला गेला आहे का, असं विचारणारा तो रकाना.

"एक आकडा राहिला, मॅडम," तो म्हणाला. "तीनशे तेवीस."

एकोणीस वर्षांचा असताना गणपती विसर्जनाच्या रात्री डीजेच्या ट्रॅक्टरवर कुणी चढायचं यावरून दोन मंडळांत जुंपली होती. एकाचं डोकं फुटलं, तीन टाके पडले. चार पोरांवर मारहाण, शिवीगाळ आणि दमदाटीची कलमं लागली, तेव्हाच्या दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६. पुढं दोन्ही घरच्यांनी बसून मिटवलं आणि कोर्टात तडजोड झाली. ज्याचं डोकं फुटलं त्याच्याच बहिणीच्या लग्नात हा नंतर पंगतीत वाढत होता.

चुलत्यांचं म्हणणं, मिटली म्हणजे केसच नाही. अकॅडमीतले सोबती म्हणत, नाही लिहिलं तर कुणाला कळतंय. एका ओळखीच्यानं तर "रिपोर्ट क्लीन करून देतो" म्हणून आकडाही सांगितला होता. हे असले मध्यस्थ निवड यादीच्या वासावरच येतात. मी त्यांच्याबद्दल शांतपणे बोलू शकत नाही.

मी कायद्याचं लगेच काही बोलले नाही. म्हटलं, "समज नाही लिहिलंस. ट्रेनिंगला गेलास. परेड चाललीये आणि ऑफिसातून निरोप आला, तुला बोलावलंय. कशासाठी असेल?"

तो हाताकडे बघत राहिला. गोळ्यानं बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. "केससाठी."

"घरून फोन आला असेल. रजेचा अर्ज असेल."

"नाही. केससाठीच वाटंल."

"आणि पाच वर्षांनी बोलावलं तर?"

यावर तो बराच वेळ गप्प होता. मग एकदम म्हणाला, "आत्ताच झोप नाही, मॅडम."

मग त्याला कोरा कागद दिला आणि त्या रात्रीचं सगळं लिही म्हटलं. चार ओळी लिहिल्या, त्यात तीनदा 'चुकून'. पुन्हा लिहायला लावलं, चुकून हा शब्द न वापरता. या खेपेला पान भरलं. दगड त्यानं उचलला नव्हता, पण पहिला धक्का त्याचाच होता. हे त्यानं आईलाही कधी सांगितलं नव्हतं. आई गावभर सांगत होती, माझ्या पोराचं नाव उगाच गोवलं. खरी अडचण इथं होती. रकाना भरायचा म्हणजे पोलिसांना सांगायचं, यापेक्षा आईला सांगायचं होतं. तेही त्या आठवड्यात घडलं, चुलीपुढं. ती दोन दिवस बोलली नाही एवढंच मला कळलं.

आता कायद्याचं, कारण त्यावाचून नुसता धीर देणं म्हणजे फसवणूक. कळत नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, पडताळणीचा कागद जातो तुमच्याच पोलीस ठाण्याला. तिथं गुन्ह्याचं रजिस्टर आहे, पोलीस ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक यंत्रणेवर नोंद आहे, वर गावात पोलीस पाटील आहेत. दुसरं, बरीच पोरं तो रकाना 'शिक्षा झाली का' असाच वाचतात. विचारलेलं असतं अटकेचं आणि खटल्याचंही. निर्दोष सुटलात तरी खटला झालेला असतोच.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याच गोष्टीचा ऊहापोह केला आहे. उमेदवारानं दिलेली माहिती खरी हवी, लपवाछपवी नको. तरुण वयातलं किरकोळ प्रकरण, घोषणाबाजीसारखं, कुणी लपवलं असलं तरी नेमणारं खातं ते माफ करू शकतं. आणि खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य बघून निर्णय घ्यायचा अधिकार खात्याला उरतोच, नेमणूक करायची सक्ती त्याच्यावर नाही. हे शेवटचं मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. खरं लिहिलंस की नोकरी पक्की, असं त्याला कुणी सांगितलेलं मला नको होतं.

"मग लिहून काय उपयोग?" त्यानं विचारलं. रागानंच.

"लिहिलंस तर ते भांडणाचा विचार करतील. नाही लिहिलंस तर भांडण राहील बाजूला, तू खोटं बोललास याचा विचार करतील. त्यावर तुझ्याकडे काय उत्तर आहे?"

त्याला तालुक्याच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. त्यांनी निकालाची प्रमाणित प्रत काढायला लावली. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली असली तरी त्याची कलमं जुन्या कायद्याचीच लिहायची, हेही त्यांनीच बजावलं. जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. त्या रकान्यात 'होय', आणि होय खालचा खळगा तसाच दिसत होता.

सोबतची पोरं ट्रेनिंगला गेली. याचं पत्र आलं नाही, एसपी ऑफिसचं बोलावणं आलं. परत आल्यावर फोन केला.

"साहेबांनी विचारलं, भांडण कशावरून झालं? म्हटलं, ट्रॅक्टरवर चढण्यावरून. पहिला धक्का कुणी दिला? म्हटलं, मी."

"मग?"

"काही बोलले नाहीत. लिहून घेतलं."

हे लिहितेय तोवर त्याचा आदेश आलेला नाही. येईल का, सांगता येत नाही. आई अधूनमधून मला फोन करून तारीख विचारते, जणू ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो परवा स्टँडवर भेटला, पायात बूट होते. पहाटेचं पळणं पुन्हा सुरू केलंय म्हणाला, पुढच्या भरतीचा फॉर्मही भरून ठेवणार आहे.

"टायमिंग बिघडलंय पण, मॅडम. पाच पंचवीसला गेलंय."