वाचकांचे प्रश्न : जर्मनीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर

प्रश्न : मी आठ महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त पुण्याहून श्टुटगार्टला आले आणि दोन महिन्यांपूर्वी एक जुनी गाडी घेतली. गेल्या पंधरवड्यात उल्मला जाताना ए-८ महामार्गावर, आल्ब डोंगररांगेची चढण संपल्यावर, इंजिनाचा काटा लाल रेषेपलीकडे गेला, बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि गाडी कडेच्या पट्टीवर उभी करावी लागली. घाबरून मोबाइलवर ‘टोइंग’ असे शोधले आणि जो पहिला नंबर आला तो लावला. तासाभराने ट्रक आला, त्यांनी गाडी पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या आपल्या आवारात नेऊन ठेवली आणि ४८० युरो रोख मागितले. ते दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही असेही सांगितले. फुटलेली कूलंटची नळी बदलायला गॅरेजने त्याच्या निम्मेही घेतले नाहीत. इथल्या सहकाऱ्यांनी आधी विचारले ते हेच, की ‘तुझ्याकडे शुत्सब्रीफ नव्हता का?’ मला त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. परदेशी माणसाने अशा वेळी मदत नेमकी कोणाकडे मागायची? मित्राने दोर लावून गाडी ओढून नेली असती तर चालले असते का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आठ महिने’ या दोन शब्दांवर मी थबकलो आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो, कारण तो विषय ४८० युरोंपेक्षा महाग पडू शकतो. आधी आपण जे विचारले आहे ते पाहू.

आपल्याकडे गाडी बंद पडली की मदत शोधावी लागत नाही, ती आपोआप गोळा होते. कोणीतरी थांबतो, कोणीतरी बॉनेट उघडायला सांगतो, दोघे ढकलायला येतात आणि पुढच्या फाट्यावरचा मिस्त्री कोणाच्या तरी ओळखीचा निघतोच. जर्मनीत महामार्गावर अनोळखी माणूस सहसा थांबत नाही, आणि थांबूही नये, कारण तिथे विनाकारण गाडी उभी करणे हाच गुन्हा आहे. (पेट्रोल संपल्यामुळे थांबणेसुद्धा ‘विनाकारण’ या सदरात मोडते आणि त्याला दंड आहे, पेट्रोल संपणे टाळता आले असते, असे कायद्याचे म्हणणे.) तिथली मदत आधीच कोणत्या तरी कागदावर लिहिलेली असते, आणि रस्त्यावर उभे राहून फक्त तो कागद कोणाचा आहे एवढेच आठवायचे असते. म्हणून ही तजवीज गाडी घेतली त्याच दिवशी घरी बसून करायची.

असे कागद मुख्यतः तीन प्रकारचे असतात, आणि त्यांतील फरक नव्याने आलेल्यांच्या लक्षात येत नाही. पहिला आपल्या सहकाऱ्यांनी म्हटला तो शुत्सब्रीफ. हे गाडीच्या सक्तीच्या विम्याला जोडून मिळणारे, रस्त्यावरच्या मदतीचे छोटे कलम असते, त्याचा वर्षाचा हप्ता बाहेर एका जेवणाला लागतो त्याहून फारसा जास्त नसतो, आणि ऑनलाइन विमा घेताना एका चौकटीत खूण करून किंवा न करून आपण तो घेतलेला किंवा सोडलेला असतो. तो गाडीला चिकटलेला असतो. ती गाडी कोणीही चालवीत असो, मदत त्या गाडीला मिळते. दुसरा कागद मोटार-क्लबच्या सदस्यत्वाचा. सर्वांत मोठा क्लब म्हणजे १९०३ साली श्टुटगार्टमध्येच स्थापन झालेला आणि आज म्युनिकला मुख्यालय असलेला आडेआत्से, ज्याचे दोन कोटींहून अधिक सदस्य आहेत आणि ज्याच्या पिवळ्या गाड्यांतील मिस्त्र्यांना लोक ‘पिवळे देवदूत’ म्हणतात. त्याखेरीज कामगार संघटनांनी १९६५ साली काढलेला आत्सेए आणि १८९९ पासूनचा आफाऊडे हेही आहेत. क्लबचे सदस्यत्व गाडीला नव्हे, माणसाला चिकटलेले असते. आपण मित्राची गाडी चालवीत असाल तरी ते लागू होते. उलट, आपली गाडी नवरा एकटा घेऊन गेला असेल आणि सदस्य आपण एकट्याच असाल, तर त्याला लागू होत नाही. त्यासाठी जोडीदाराचे वेगळे सदस्यत्व जोडावे लागते. तिसरा कागद गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या हमीचा. ती बहुधा अधिकृत ठिकाणी वेळेवर सर्व्हिसिंग केले असेल तरच चालू राहते, त्यामुळे आपल्यासारख्या जुन्या गाडीच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवू नये, पण सर्व्हिस-पुस्तिका एकदा चाळून पाहावी.

माझा सल्ला असा की आज संध्याकाळी विम्याची पॉलिसी काढून तिच्यात ‘शुत्सब्रीफ’ (Schutzbrief) हा शब्द शोधावा. तो तिथे असण्याची बरीच शक्यता आहे, आणि असल्यास ४८० युरोंची पावती विमा कंपनीकडे अवश्य पाठवावी. पूर्ण रक्कम बहुधा मिळणार नाही, कारण ‘आधी आमच्या नंबरवर फोन करा, मदत आम्ही पाठवू’ अशी त्यांची अट असते आणि स्वतःहून मागवलेल्या मदतीला मर्यादेपर्यंतच भरपाई दिली जाते. पण विचारायला पैसे पडत नाहीत. कलम नसल्यास विमा कंपनीला लिहून ते जोडून घ्यावे. मग क्लबचे सदस्यत्व घ्यावे का? आठवड्यातून एकदा बाजारहाट करण्यापुरती गाडी वापरणाऱ्याला शुत्सब्रीफ पुरतो, असे माझे मत आहे. दुसऱ्यांच्या गाड्या चालवणाऱ्याने, किंवा गाडी जुनी असून लांबचा प्रवास वारंवार होत असेल त्याने क्लब घ्यावा. त्यांचे मिस्त्री दहापैकी आठांहून अधिक गाड्या जागेवरच चालू करून देतात, म्हणजे टोइंगची वेळच येत नाही. बंद पडण्याच्या घटनांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक तर निव्वळ बारा व्होल्टच्या बॅटरीमुळे होतात. साध्या सदस्यत्वाचे वर्षाला सुमारे पन्नास-साठ युरो पडतात, पण ते फक्त जर्मनीपुरते असते. युरोपभर चालणाऱ्याचे शंभरीच्या आसपास जातात. दोन्ही घेतलेच पाहिजे असे नाही. अनेकजण एकाच मदतीचे वर्षानुवर्षे दोनदा पैसे भरतात, आणि सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहत असल्याने त्यांना ते कळतही नाही.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर काय करायचे. मोबाइलवर शोधून पहिला नंबर लावणे, हेच टाळायचे. शोधात वर दिसणारा नंबर पुष्कळदा जाहिरातीचे पैसे भरून वर आलेला असतो आणि रोखीची मागणी हा त्या धंद्याचा ठरलेला ढंग आहे. शुत्सब्रीफचा किंवा क्लबचा नंबर मोबाइलमध्ये साठवून ठेवावा, आणि कागदावर लिहून सन-व्हायझरमागेही खोचावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते. कोणताही नंबर हाताशी नसेल तर रस्त्याच्या कडेचा नारिंगी खांब शोधावा. असे फोन साधारण दोन-दोन किलोमीटरवर असतात, आणि कडेला दर पन्नास मीटरवर रोवलेल्या पांढऱ्या खुंटांच्या डोक्यावर जो छोटा काळा बाण असतो तो सर्वांत जवळचा फोन कोणत्या दिशेला आहे ते दाखवतो. मी तिथे तीन वर्षे गाडी चालवल्यावर तो बाण प्रथम पाहिला; तोवर ते खुंट फक्त रात्री चमकण्यासाठी आहेत अशी माझी समजूत होती. हा फोन फुकट आहे, तो विमा कंपन्यांच्या हाम्बुर्ग येथील केंद्रात लागतो, आपण कुठे उभे आहोत ते त्यांना आपोआप कळते आणि ते आपल्या विमा कंपनीला किंवा क्लबला निरोप देतात. त्याच केंद्राचा मोबाइलवरून लावायचा नंबर ०८०० ६६८ ३६६३ आहे. इंग्रजी चालते. जर्मनमध्ये एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ होते: ‘इश हाबऽ आइनऽ पानऽ’, म्हणजे माझी गाडी बंद पडली आहे. तिथे ‘पानऽ’ हा बिघाड आणि आपल्याकडे पाना हे त्यावरचे औजार, त्यामुळे मराठी माणूस हा शब्द विसरणे कठीण आहे. मोबाइलवरून बोलताना रस्त्याचा क्रमांक, आपण कोणत्या शहराच्या दिशेने जात होतो आणि कडेच्या निळ्या पाटीवरचा किलोमीटर, या तीन गोष्टी सांगाव्यात. कोणी जखमी असेल किंवा गाडीला आग लागली असेल तर मात्र ११२.

फोन करण्याआधीचा क्रम मात्र जिवाचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. गाडी शक्य तितकी उजवीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि दार उघडण्यापूर्वी आत बसूनच चमकणारे जॅकेट घालावे. १ जुलै २०१४ पासून गाडीत एक जॅकेट असणे सक्तीचे आहे. एक म्हणजे कायद्यापुरते, आपण माणशी एक ठेवावे आणि डिकीत नव्हे, सीटखाली ठेवावे, कारण जॅकेट काढायला जॅकेटशिवाय डिकीपर्यंत चालत जाण्यात काय अर्थ आहे? सर्वांनी उजव्या दाराने उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे जावे. नंतर लाल त्रिकोण उघडून छातीसमोर धरावा आणि कठड्याच्या पलीकडूनच मागे, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने चालत जाऊन सुमारे दोनशे मीटरवर ठेवावा. हे अंतर मोजायला पावले मोजू नयेत, मघाचे पांढरे खुंट मोजावेत. चार खुंट म्हणजे दोनशे मीटर. बॉनेट उघडून गाडीपुढे उभे राहण्याची आपली सवय तिथे प्राणघातक ठरू शकते.

दोर लावून ओढण्याबद्दल: महामार्गावर बंद पडलेली गाडी मित्राला ओढता येते, पण चारही इंडिकेटर दोन्ही गाड्यांचे चालू ठेवून आणि पुढच्याच फाट्यावर महामार्ग सोडून. ओढत श्टुटगार्टपर्यंत आणता आली नसती. बाहेर कुठे बंद पडलेली गाडी ओढत महामार्गावर आणायलाही मनाई आहे. शिवाय ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांपैकी बहुतेकांना दोर लावणे त्यांच्या पुस्तिकेतच निषिद्ध असते. थोडक्यात, दोर राहू द्यावा.

आता ते आठ महिने. आपण तिथे राहायला गेल्यापासून भारतीय परवाना फक्त सहा महिने चालतो. जर्मनीशी परवान्यांची अदलाबदल करार असलेल्या देशांत भारत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिकवणीच्या तासांची सक्ती मात्र नाही आणि लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. सहा महिन्यांनंतर त्याच परवान्यावर गाडी चालवणे म्हणजे परवान्याविना चालवणे, आणि तो साधा दंडाचा नव्हे तर फौजदारी मामला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी समोरच्याला भरपाई देईल, पण पाच हजार युरोंपर्यंत आपल्याकडून वसूल करू शकेल. आपण याआधीच जर्मन परवाना घेतला असेल तर हा परिच्छेद सोडून द्यावा. घेतला नसेल तर तो हातात येईपर्यंत गाडी उभी करून ठेवावी आणि परवाना कार्यालयात अर्ज आजच करावा, कारण कागद, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग आणि परीक्षेची तारीख यांत काही महिने सहज जातात.

प्रश्न : मला म्युनिकच्या कंपनीने लीजवर नवी गाडी दिली आहे. तिच्यात छतावर एसओएस बटण आहे. गाडी बंद पडल्यास तेच दाबायचे ना?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : नाही. ३१ मार्च २०१८ नंतर मंजूर झालेल्या नव्या मॉडेलांत ते बटण सक्तीचे आहे, पण ते थेट ११२ ला लागते आणि अपघातासाठी आहे. काही गाड्यांत त्याच्या शेजारी पान्याचे चित्र असलेले दुसरे बटण असते, ते बिघाडासाठी. ते नसल्यास लीज-कंपनीने दिलेल्या कार्डावरील नंबर लावावा आणि तिच्या परवानगीविना स्वतःचा मिस्त्री बोलावू नये. लीजमध्ये ही सेवा बहुधा धरलेलीच असते.

प्रश्न : उन्हाळ्यात आईवडील येणार आहेत. त्यांना घेऊन फ्रान्समार्गे स्वित्झर्लंडला जायचे आहे. जर्मन क्लबचे सदस्यत्व तिथे चालेल का?
— एक वाचक, कार्ल्सरुह

उत्तर : युरोपभर लागू होणाऱ्या श्रेणीचे असेल तरच चालेल, आणि निघण्यापूर्वी श्रेणी वाढवून घेता येते. स्वित्झर्लंडमध्ये तिथल्या टीसीएस क्लबचा ०८०० १४० १४० हा नंबर आहे. फ्रान्सची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती ठाऊक नसल्याने पुष्कळांचा तिथे गोंधळ होतो. फ्रेंच महामार्गावर आपल्या क्लबची गाडी येऊच शकत नाही. त्या पट्ट्याचा ठेका असलेला टोइंगवालाच यायचा, असा नियम आहे. म्हणून तिथे क्लबला नव्हे, आधी नारिंगी खांबावरून किंवा ११२ वर फोन करायचा. भाव मात्र सरकारने ठरवून दिलेला असतो, त्यामुळे आपल्या श्टुटगार्टच्या वाचकासारखा अनुभव सहसा येत नाही. फक्त संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळेत, आणि शनिवार-रविवारी व सुट्टीच्या दिवशी, तो दीडपट होतो. गाडी महामार्गाबाहेर आणल्यावर पुढचे गॅरेज, हॉटेल, पर्यायी गाडी हे सारे आपला क्लब पाहतो, आणि टोइंगचे पैसेही त्याच्याकडून मागता येतात, मात्र त्यासाठी छापील पावती लागते. टोइंगवाला निघून जाण्याआधी ती मागून घ्यावी आणि तिच्यावर गाडीचा नंबर आहे ना, ते पाहावे. आईवडिलांसाठी दोन जास्तीची जॅकेटेही गाडीत असू द्यावीत.