कीकॅड: पहिला बोर्ड करताना

कीकॅड म्हणजे सर्किट बोर्डाचा आराखडा करायचं सॉफ्टवेअर. जुन्या लॅपटॉपवर ते चालेल का ही काळजी सोडा, तांब्याच्या दोन थरांच्या छोट्या बोर्डाला तो पुरतो. कीकॅड विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर फुकट चालतं. पहिला बोर्ड ५५५ या टायमर आयसीवर (चिपवर) एलईडी लुकलुकवण्याचाच घ्या.

- आधी स्केमॅटिक (सर्किटची आकृती) पूर्ण करा, ईआरसी (तिच्या जोडण्यांतल्या चुकांची तपासणी) चालवा, मगच बोर्डाकडे वळा. नंतरचा बदलही स्केमॅटिकमध्येच करून एफ८ दाबा, म्हणजे तो बोर्डावर उतरतो.
- फुटप्रिंट (पार्टच्या पायांसाठी बोर्डावर पडणाऱ्या भोकांचा नि पॅडचा नकाशा) डोळे झाकून निवडू नका. माझ्या पहिल्या बोर्डात ५ मिमी अंतराच्या पायांच्या कपॅसिटरला २.५ मिमीवर भोकं पडली; सगळे बोर्ड वाया गेले. आता मी लेआउट १:१ मापात कागदावर छापून खरे पार्ट त्यावर ठेवून बघतो.
- डीआरसीतल्या (बोर्डाच्या आखणीच्या तपासणीतल्या) चुका संपल्याशिवाय गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइली) काढू नका.

ऑटोराउटर (ट्रॅक आपोआप ओढणारं साधन) सध्या नकोच. ट्रॅक, म्हणजे पार्ट जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा, हातानेच ओढा, अडलात तर स्केमॅटिक मला दाखवा.