स्फोटकं भरलेल्या मानवरहित बोटींचा मुंबई बंदराला कितपत धोका आहे? रडारवर त्या दिसत नाहीत का?

दिसतात, पण उशिरा. फायबरची, पाण्याला चिकटून येणारी बोट रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवते. त्यात आपल्याकडे मच्छीमारांची गर्दी. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली रिकामी नौका लागली, ती तर ओमानकडून नुसती वाहत आली होती. युक्रेनच्या अशा बोटी रोखायला क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदराच्या तोंडाशी रशियाने तरंगते अडथळे टाकले, मुंबईत कुठे टाकणार? ससून डॉकचे ट्रॉलर, मांडव्याच्या लाँच, न्हावा-शेव्याची जहाजं, सगळ्यांची वाट तीच.

पण लोक नेहमी ब्रिजवरूनच, म्हणजे कप्तान उभा असतो त्या वरच्या खोलीतूनच विचार करतात. मी सेकंड इंजिनियर. मार्च २०२४ मध्ये आम्ही लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून, येमेनच्या हुथी बंडखोरांच्या टप्प्यातून जाणार होतो. कप्तानाने फर्मान काढलं, अलार्म झाला की सगळ्यांनी खाली इंजिन कंट्रोल रूममध्ये जमायचं. सोमाली चाच्यांच्या काळातली सवय! चाचे वर चढतात, तेव्हा खाली दडणं बरोबर. ही मानवरहित बोट पाणरेषेवरच धडकते. मी म्हटलं, जमायची जागा पाणरेषेच्या वर ठेवा आणि तेवढे तास इंजिन रूममध्ये माणूस नको, रोज रात्री यूएमएसवर, म्हणजे खाली माणूस न ठेवता, इंजिन चालतंच की. मेसमध्ये सगळ्यांदेखत उत्तर आलं, "सेकंड, घाबरलात का?"

मग काय, खाली वॉच (पाळी) केला. बॉयलर सूटवर लाइफ जॅकेट, घामाच्या धारा, आणि त्यात तेल साफ करणारा प्युरिफायर दुरुस्तीला उघडलेला. कानांवर मफ असल्यामुळे खाली घोषणा ऐकूच येत नाही, अलार्मचा दिवा फिरला तरच कळतं. माझा ऑइलर, म्हणजे हाताखालचा खलाशी, काम सोडून त्या दिव्याकडेच बघत होता. त्याला ओरडलो, त्याचं अजून वाईट वाटतं.

१२ जूनला ट्यूटर या कोळशाच्या जहाजाला हुथींची बोट मागून धडकली. इंजिन रूममध्ये पाणी भरलं, एक फिलिपिनो खलाशी बेपत्ता झाला, पुढे जहाजही बुडालं. बातमी कप्तानाला पाठवली. वाचली, उत्तर नाही.

तुमच्या घरचं कोणी बोटीवर असेल तर बंदराची काळजी नंतर करा, आधी त्याची जमायची जागा कुठे आहे ते विचारा. अर्थात इंजिन एकदम कमीजास्त करायची वेळ आली तर खाली माणूस हवा, हे कप्तानाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जुन्या बोटींवर तर ठेवावाच लागतो. आमची बोट जुनी नव्हती.